सरकी पेंड की खनिज मिश्रण?

म्हैस व्याली की पहिला खर्च सरकी पेंडेवर. पैसे फुकट जात नाहीत. पेंडेत साधारण २२ टक्के प्रथिनं असतात, शिवाय थोडं तेल. दूध आणि फॅट दोन्ही सावरतात, आठवड्याभरात डेअरीच्या पावतीवर फरक दिसतो. म्हणूनच तिच्यावर भरवसा बसतो.

खनिज मिश्रणाचं तसं नाही. रोज ५० ग्रॅम आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात मिसळा, महिनाभर डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, मुळातच मुका; बाहेरून सहज कळत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त कमी पडलं की ती माजावरच येत नाही आणि भाकड, म्हणजे बिनदुधाचा काळ लांबतो. गव्हाण चाटणारी, चिंध्या चघळणारी म्हैस बहुधा हेच सांगत असते. व्याल्यावर लघवी कॉफीसारखी लाल झाली, तर फॉस्फरसची कमतरता असू शकते. तिथे पुडी उघडत न बसता डॉक्टरच बोलवावा.

वाढत्या वगारीला, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण म्हशीला, दोन्ही हवं. नुसत्या कडब्यावर ती वेळेत माजावर येत नाही. दुभतीला पेंड दुधाच्या मापाने, मिश्रण मात्र भाकड असली तरी चालूच. हात आखडला तर मी पेंड थोडी कमी करेन. ५० ग्रॅमला पैसे लागतातच किती?