रेराच्या परीक्षेच्या नावाखाली एजंटांना गंडा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मी इस्टेट एजंटचं काम करते. म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला, नवे टॉवर उभे राहू लागले आणि भाड्याच्या खोल्यांवर चालणारा आमचा धंदा नव्या फ्लॅटच्या बुकिंगकडे वळला. रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातली जागा विकायची तर एजंटचीही महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते, हे २०१७ पासूनच आहे. जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्यात प्रशिक्षण आणि परीक्षेची भर पडली. आधीपासून नोंदणी असलेल्यांना दिलेली मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२४ पर्यंत आली. त्यानंतर ज्यांचं सर्टिफिकेट आलं नाही अशा सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. ही बातमी वाचून या धंद्यावर घर चालवणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतोच. त्याच भीतीवर काही लोकांनी दुकान मांडलं आणि आमच्यासारख्यांना लुबाडलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागातल्या एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: महारेरा मान्यताप्राप्त कोर्स, परीक्षा आणि सर्टिफिकेट एकाच ठिकाणी, फी साडेआठ हजार. परीक्षा न देता पास करून देतो, असं त्यात कुठेही नव्हतं. तसं असतं तर आम्ही त्या वाटेला गेलोच नसतो. वर्ग मुलुंडला स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये भरला. हजेरीपट होता, ओळखपत्रं होती, छापील नोट्स होत्या. शिकवणाराही तयारीचा माणूस होता. कार्पेट एरिया कसा मोजायचा, रजिस्टर्ड करारनामा होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम का घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात का ठेवावे लागतात, सगळं नीट सांगितलं. मी नंतर कायदा काढून पाहिला, त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं. या फसवणुकीत मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. खरं ज्ञान पुढे करून त्यांनी माणसांचा विश्वास मिळवला.

माझ्या बाजूला भांडुपचे एक काका बसायचे. वय साठीच्या पुढचं. आयुष्य पागडीच्या खोल्या आणि लिव्ह-लायसन्स करण्यात गेलेलं. दोनशे पानी वहीत ते प्रत्येक कलम हाताने उतरवून घेत. मधल्या सुट्टीत म्हणाले, "ताई, एवढा अभ्यास मी मॅट्रिकलासुद्धा केला नव्हता."

वर्ग संपल्यावर सांगण्यात आलं की केंद्रांवर जागा कमी पडतात, म्हणून आमच्या बॅचला घरून मोबाइलवर परीक्षा द्यायची परवानगी मिळाली आहे. तसं पत्र दाखवलं, वर राजमुद्रा छापलेली. मग लिंक आली. वेळ लावून प्रश्न सोडवले, गुण आले आणि थोड्या दिवसांत सर्टिफिकेटची पीडीएफ आली. त्यावर माझं नाव, फोटो, क्रमांक आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की महारेरासारखंच दिसणारं पान उघडायचं, त्यावर माझं नाव आणि खाली हिरव्या अक्षरात 'वैध'. पान हुबेहूब होतं. फरक फक्त वरच्या पत्त्यात होता. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, इथे ते नव्हतं. मोबाइलवर तो पत्ता अर्धाच दिसतो, आणि त्यांनी नेमका याचाच फायदा घेतला.

नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी हे सर्टिफिकेट अपलोड केलं तेव्हा अर्ज परत आला. वांद्रे-कुर्ला संकुलात महारेराच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी क्रमांक टाकून बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा क्रमांक आमचा नाही हो." तोवर बिल्डरच्या सेल्स ऑफिसने माझा चॅनल पार्टनर कोड, म्हणजे त्यांचे फ्लॅट विकणारी एजंट म्हणून मला दिलेला क्रमांक, बंद केला होता. करारनामा झालेल्या फ्लॅटचं ब्रोकरेजही अडकलं. काकांचं तर चालू बुकिंगच दुसऱ्या एजंटच्या नावावर गेलं.

खरी पद्धत अशी आहे. प्रशिक्षण महारेराने नेमलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं आणि त्या संस्थांची नावं महारेराच्या संकेतस्थळावर असतात. मेसेजमधल्या लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाइप करून ती बघा. वर्ग घेणारा 'आम्ही अमुक संस्थेचे फ्रँचायझी' म्हणाला, तर त्या संस्थेला स्वतः फोन करून विचारा. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, संगणकावर द्यावी लागते. घरून परीक्षा म्हटलं की तिथेच उठा. फी भरायला कुणाचा खासगी यूपीआय क्रमांक दिला, तर पावती कुणाच्या नावाची आणि तिच्यावर जीएसटी क्रमांक आहे का, हे विचारा. आमच्या पावतीवर नुसता रबरी शिक्का होता.

फसलेल्यांनी आणखी एक गोष्ट तातडीने करावी. रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी रद्द होऊ शकते. बनावट सर्टिफिकेट आपल्या लॉगिनमधून अपलोड झालेलं असतं, त्यामुळे फसवले गेलो आपण आणि संशयही आपल्यावरच, असं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून महारेराकडे आपणहून लेखी खुलासा द्या. सोबत पैसे भरल्याचा पुरावा, व्हॉट्सअॅप मेसेज आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडा. मी तसंच केलं आणि माझ्या अर्जाची सुनावणी त्यामुळेच सरळ झाली. नंतर मान्यताप्राप्त संस्थेत पुन्हा प्रशिक्षण घेतलं आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. काकाही आले होते, तीच वही घेऊन.

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जे पूर्वी ४२० होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आमच्यातले बरेच जण 'साडेआठ हजारांसाठी कोण चकरा मारणार' म्हणून गप्प बसले होते. पण एकेकट्याची रक्कम लहान दिसते, सगळ्यांची मिळून मोठी होते. आम्ही एकत्र जाऊन, एकाच खात्यात गेलेल्या रकमांची यादी दिल्यावर तक्रारीकडे बघण्याची पद्धत बदलली. तपास अजून सुरू आहे. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये ज्यांनी वर्ग केला त्यांनी व्हॉट्सअॅपचा तो ग्रुप सोडू नका आणि चॅट पुसू नका. पोलीस जबाब घेताना सगळ्यात आधी तेच मागतात.