गोदार आदरांजली, सोलापूर : निवड चोख, रिमोटने घात

फ्रेंच-स्विस दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार सप्टेंबर 2022 मध्ये गेले. त्यांच्या तीन चित्रपटांची दोन दिवसांची आदरांजली सोलापुरातल्या एका छोट्या सभागृहात झाली: 'ब्रेथलेस' (1960), 'कंटेम्प्ट' (1963) आणि 'वीकेंड' (1967). सात वर्षांत हा दिग्दर्शक कुठून कुठे गेला ते या तिन्हींत दिसतं. निवडीला नाव ठेवायला जागा नाही.

रडगाणं आहे ते प्रोजेक्टरच्या रिमोटचं. 'ब्रेथलेस'ची चौकट (रुंदीचं उंचीशी प्रमाण) 1.37:1, म्हणजे जवळजवळ चौरस. 16:9 पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते रिकामे दिसतात म्हणून कुणीतरी झूम दाबलं. पडदा भरला, पण वरचा-खालचा मिळून जवळपास चौथा हिस्सा उडाला. नायक बेलमाँदो ओठांवरून अंगठा फिरवतो तेव्हा अंगठा दिसत होता, हॅटचा माथा नव्हता. दोन ओळींच्या सबटायटलमधली खालची ओळ गायब, त्यामुळे खोलीतला तो लांबलचक संवाद अर्धाच पोचला. खरं तर रिमोटवरचं आस्पेक्ट (चौकटीचं प्रमाण) 'नॉर्मल'वर ठेवून, लोक यायच्या आधी दोन ओळींच्या सबटायटलचा एखादा प्रसंग लावून पाहिला असता तरी भागलं असतं.

जंप कट (शॉटच्या मधलाच तुकडा गाळल्याने चित्र उडी मारतं ते) सुरू होताच 'डिस्क अडकतेय' अशी कुजबुज झाली. प्रास्ताविकात चरित्राऐवजी हे सांगायला हवं होतं: चित्रपट लांबला होता, तेव्हा गोदारने अख्खे प्रसंग काढण्याऐवजी प्रसंगांच्या आतूनच तुकडे छाटले. कॅमेरा खडखडणारा, म्हणून आवाजही मागाहून भरलेला.

'कंटेम्प्ट' मात्र रंगला. चौकट 2.35:1, पट्टे वर-खाली आले आणि त्यांना कुणी हात लावला नाही. अमेरिकन निर्माता इंग्रजीत बोलतो, लेखक फ्रेंचमध्ये, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग (स्वतःच्याच भूमिकेत) तर भाषा बदलत राहतो. मधे दुभाषी फ्रांचेस्का. ती शब्दाला शब्द देत नाही, पदरचंही घालते. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी अशा गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. हशा अचूक जागी आला. इंग्रजी सबटायटलांत मात्र सगळ्या भाषा एकाच रंगाच्या, त्यामुळे नुसतं वाचत बसणाऱ्याची अर्धी गंमत हुकते. इथे कान हवेत.

'वीकेंड'मधला वाहतूक कोंडीचा शॉट सुमारे 8 मिनिटांचा. हॉर्न थांबत नाहीत म्हणून मधेच आवाज उतरवला गेला. अहो, ते असह्य व्हावेत म्हणूनच आहेत! एकदा लावलेली पातळी चित्रपट संपेपर्यंत हलवू नये.

खुर्च्या बऱ्या, पण जमीन सपाट. पडदा हातभर वर घेतला नाही तर मागच्यांना सबटायटलऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. पुढच्या खेपेला जाणार असाल तर दुसरी-तिसरी रांग गाठा, तीही कडेची.