उद्यमनगरातलं गॅरेज: ऑइल बदललं, फ्लश नाही

जुनी पेट्रोल वॅगनआर, ऑइल बदलायला दिली होती. दुसरीकडे एकदा न विचारता बिलात 'इंजिन फ्लश' (इंजिन आतून धुणं) घुसवला होता, म्हणून कोल्हापुरातल्या या गॅरेजात आधीच विचारलं, "मामा, फ्लश मारायचा का?"

मामांनी ऑइल भरायचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च आत मारला. आतल्या कॅमच्या दांड्यावर नुसती तपकिरी झाक, काळा गाळ कुठंच नाही. "दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलताय न्हवं? मग कशाला पैसं घालवताय?"

फ्लश म्हणजे जुन्या गरम ऑइलमध्ये गाळ सोडवणाऱ्या औषधाची बाटली ओतायची, गाडी दहाएक मिनिटं आयडलवर ठेवायची, मग सगळं काढून फिल्टरही नवा. तेवढ्या वेळात ऑइल पातळ होतं, त्यामुळे रेस मारायची नाही. मामांचं खरं भय वेगळं होतं: वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनातला गाळ एकदम सुटला, की तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचं प्रेशर कमी होतं. अशा गाडीला ते साधं चांगलं ऑइल घालून दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच पुन्हा बदलायला सांगतात. मला हे पटलं.

काम चोख. सीलबंद डबा समोर फोडला, ड्रेन नटाला नवा वॉशर घातला, डिपस्टिक दोनदा पुसून दाखवली. बसायला मात्र एकच मोडकं स्टूल, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. शनिवारी जाऊ नका, नंबर लागत नाही.