मिक्सर भंगारात द्यायच्या आधी जांभळी नाक्याला जाऊन या

आईचा जुना मिक्सर चालू केला की जळका वास यायचा, आत ठिणग्या दिसायच्या. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सरळ सांगून टाकलं की मोटर गेली, नवीन घ्या. मग शेजारच्या काकूंनी ठाण्यात जांभळी नाक्याजवळचं छोटं रिपेअरिंगचं दुकान सुचवलं आणि खरंच सांगते, काम एक नंबर झालं!

दुकानातल्या काकांनी समोरच मिक्सर उघडला, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) काढून माझ्या हातावर ठेवले, पार झिजून नखाएवढे उरलेले. म्हणाले, "ताई मोटर ठणठणीत आहे, हे झिजले की ठिणग्या उडतात." ब्रश बदलले, चटणी वाटताना जारखालून पाणी गळायचं म्हणून जारच्या तळाचा बुशही (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) बदलला आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, हे मला फार म्हणजे फारच आवडलं, नाहीतर आत काय बदललं ते आपल्याला कुठे कळतं.

सीलिंग फॅन हळू फिरत असेल तर तेही बघतात, बऱ्याचदा नुसता कपॅसिटर (फॅनच्या मोटरला फिरायला जोर देणारा छोटा पार्ट) बदलून काम होतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राईट टू रिपेअर, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठीचं पोर्टल काढलं ते चांगलंच आहे, पण अशी माणसं टिकायला हवीत असं मनापासून वाटतं.

बसायला जागा नाही, पार्किंगचं तर विचारूच नका, संध्याकाळी मार्केटची तुफान गर्दी असते. सकाळीच जा आणि मिक्सरसोबत जारही न्या.