मॅसी १०३५ च्या लिफ्टचं बिनब्रँड सील किट: घ्या, पण साइड कव्हर उघडल्यावर

मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारे मागचे हायड्रॉलिक बाहू, अडकली की मिस्त्री आधी म्हणतो, "सील गेले," म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगा खराब झाल्या. मग नागपूरला जाणाऱ्या कुणाकडे तरी निरोप जातो आणि संध्याकाळपर्यंत पारदर्शक पिशवीतलं किट काटोल-उमरेडच्या वावरात हजर. टॉप कव्हर उचलून सगळ्या रिंगा बदलल्या जातात, आणि लिफ्ट जिथं होती तिथंच. शिव्या किटला बसतात. निम्म्या वेळा किटचा काही दोष नसतो.

वर अडकलेली, लिव्हर पूर्ण खाली करूनही न उतरणारी लिफ्ट सीलमुळे कधीच अडकत नाही. सील फाटला की तेल गळतं आणि गळालेल्या तेलानं लिफ्ट खालीच येते. खाली बसलेली, उचलतच नसलेली लिफ्ट मात्र कधी सीलमुळे असते, कधी नसते. हे किट या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. शिवाय उचलून न थांबणाऱ्या, इंजिन चालू असताना वरखाली नाचणाऱ्या लिफ्टसाठी. एवढं लक्षात ठेवून घेतलं तर किट वाईट नाही.

नागपूरच्या स्पेअरच्या दुकानांत मॅसीच्या नावानं दोन प्रकारचं किट मिळतं. एक कंपनीच्या सीलबंद पाकिटात पार्ट नंबरसकट, दुसरं बिनब्रँड. हे परीक्षण दुसऱ्याचं आहे, कारण जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक लोक तेच टाकतात. आपल्याकडे मॅसी बनवणारी टाफे कंपनी १९६० साली सुरू झाली तेव्हापासून मॅसीची ही फर्ग्युसन पद्धतीची लिफ्ट आपल्याकडे मुरलेली आहे, त्यामुळे सुटे भाग गल्लीबोळात मिळतात. सोय आहे आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो.

पिशवीत टॉप कव्हरचं गास्केट, साइड कव्हरची गास्केटं, लिफ्ट पिस्टनची ओ-रिंग (गोल रबरी रिंग), तिला मागून आधार देणारी बॅकअप रिंग, स्टँड पाइपच्या (पंपापासून वर जाणाऱ्या उभ्या पाइपाच्या) ओ-रिंगा आणि काही किरकोळ वॉशर असतात. गास्केटांना पूर्ण मार्क. कागद एकसारख्या जाडीचा, भोकं बोल्टाशी जुळतात. पिस्टनची रिंगही चालण्यासारखी असते. नापास होतात त्या स्टँड पाइपच्या रिंगा. साच्याच्या जोडाची रेघ नखाला लागते, आणि ती रेघ बरोबर सील धरण्याच्या जागी येते. या पाइपातून पंपाचं सगळं प्रेशर वर सिलिंडरला जातं. तिथं खरखरीत रिंग म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा कव्हर उघडणं. एवढ्या रिंगा वेगळ्या, चांगल्या नायट्राइल रबराच्या घ्याव्यात. खर्च चहापाण्याइतका. रबराबद्दल शंका असेल तर एक रिंग ट्रॅक्टरमधल्याच तेलात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी फुगलेली किंवा पिचपिचीत झालेली रिंग परत करायची.

किटमधली दुसरी अडचण मापाची. या घराण्यात लिफ्टचा पिस्टन अडीच इंची आणि तीन इंची अशा दोन मापांत आला आहे. काही पिस्टनवर बिडाच्या रिंगा असतात, काहींवर ओ-रिंग. दुकानदार फक्त "१०३५ ना?" एवढंच विचारतो. सेकंडहँड ट्रॅक्टरवर आधीच्या मालकानं कुठलं कव्हर बसवलंय याचा भरवसा नसतो. म्हणून आधी पिस्टन बाहेर काढा, व्हर्नियरनं मोजा, जमलं तर जुनी रिंगच सोबत न्या.

पण त्याही आधी किटशिवाय बघण्यासारख्या गोष्टी आहेत. या लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर पंप फिरतच नाही, लिफ्ट मेल्यासारखी पडून राहते. दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरची सवय असलेला ड्रायव्हर इथंच फसतो. लिव्हर टाकलेला असेल तर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार जमिनीवर टेकवून डिपस्टिक बघा. गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट या सगळ्यांचं तेल एकच, तीसेक लिटर. कुठल्याही सीलमधून गळालं तरी आधी लिफ्ट बोंबलते.

आता इंजिन चालू ठेवून लिव्हर वर घ्या आणि कान द्या. काहीच आवाज नाही, हालचाल नाही, म्हणजे पंपात तेल शिरतच नाही: जाळी बुजलेली किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरच्या हुकमानं तेल सोडणारा-अडवणारा) न्यूट्रलला चिकटलेला. पंप कण्हतोय, जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची घरघर येतेय आणि बाहू हलत नाहीत, म्हणजे तेल पोचतंय पण वजन जास्त आहे किंवा बाहू ज्यावर बसतात तो क्रॉस शाफ्ट बुशमध्ये धरलाय. बाहू पूर्ण वर गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर व्हॉल्व्ह वेळेवर न्यूट्रलला येत नाही. लिंकेजची, म्हणजे लिव्हर आणि व्हॉल्व्हमधल्या आतल्या जोडणीची, सेटिंग गेली. बाहू वर जातात पण इंजिन बंद केल्यावर डोळ्यादेखत उतरतात, तेव्हा कुठं सीलचा नंबर लागतो. जुन्या ट्रॅक्टरवर अर्ध्या तासात थोडं खाली येणं मनाला लावून घेऊ नये.

अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह अडकण्याचं कारण पाणी. इतर ट्रॅक्टरांत व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, प्रेशरच्या बाजूला असतो. इथं तो पंपाच्या तेल ओढण्याच्या बाजूला, पंपातच आहे. पंप चालू असताना तो सतत किंचित आतबाहेर हलत राहतो, म्हणून एरवी चिकटत नाही. मौदा, रामटेककडे धानाच्या बांधीत चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहिला की गोष्ट बदलते. गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून, पीटीओच्या सीलमधून पाणी आत गेलेलं असतं. ते तळाशी बसतं, पंपही तळाशीच, आणि व्हॉल्व्हवर गंजाची बारीक पापडी धरते. उन्हाळवाहीला ट्रॅक्टर काढला की लिफ्ट अडकलेली.

पाणी आहे का हे बघायला कव्हर उघडावं लागत नाही. रात्रभर उभा ट्रॅक्टर सकाळी चालू न करता ड्रेन प्लग दोन आटे ढिला करा. आधी पाणी येईल, मग तेल. तेल दुधाळ असेल तर सांगायलाच नको. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. असं तेल बदलल्याशिवाय नवं किट टाकणं म्हणजे पैसे गटारात. नवं तेल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं भरा. "जाड तेलानं लिफ्ट धरते" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. जाड तेल डिसेंबरच्या सकाळी पंपाला ओढवत नाही, बाकी काही होत नाही.

व्हॉल्व्ह मोकळा करायला उजवं साइड कव्हर, डिपस्टिक असलेलं, उघडायचं. उजवं चाक थोड्या उंचवट्यावर घेतलं तर तेल कमी सांडतं. अवजार वर अडकलं असेल तर पहिल्यांदा त्याच्याखाली लाकडी ठोकळे लावा. जॅकवर भरवसा ठेवू नका. व्हॉल्व्ह सुटला की बाहू एका झटक्यात खाली येतात. त्या वेळी कुणी मागे उभं नको. इंजिन बंद ठेवून व्हॉल्व्हचा लिव्हर हातानं आतबाहेर सरकवा. डिझेलनं धुऊन, हलक्या हातानं हलवत राहिलं की साधारण मोकळा होतो. पकडीनं पिरगळलात तर लिव्हर वाकेल आणि सबंध पंप उतरवावा लागेल. हे झाल्यावर लिफ्ट चालू लागली तर किट घ्यायची गरजच नाही, फक्त साइड कव्हरचं गास्केट.

कव्हर उघडंच आहे तर गळती कुठं आहे तेही बघून घ्या. वजन उचलून, ठोकळे लावून, इंजिन बंद करून आत टॉर्च मारा. हात आत घालायचा नाही. तेल सिलिंडरच्या उघड्या तोंडातून येत असेल तर पिस्टनची रिंग. स्टँड पाइपच्या टोकाशी येत असेल तर पाइपच्या रिंगा. वर सगळं कोरडं आणि तरी लिफ्ट उतरते, तर पंपातले व्हॉल्व्ह. तिसऱ्या बाबतीत हे किट काहीही करणार नाही. पंपाचं किट वेगळं येतं.

बसवताना तीन ठिकाणी हमखास चुकतं. स्टँड पाइप आधी वरून ओढून काढायचा आणि मगच टॉप कव्हर उचलायचं, नाहीतर पाइप वाकतो. कव्हर सिलिंडरसकट जड असतं, चेन पुली लावा. पिस्टनवर ओ-रिंग प्रेशरच्या, म्हणजे सिलिंडरच्या बंद बाजूला आणि बॅकअप रिंग रॉडच्या बाजूला. उलट झालं तर पहिल्याच भारी वजनाला ओ-रिंग फटीत चेपते. सिलिंडरमध्ये नख अडकेल अशी उभी रेघ असेल तर रिंग बदलून भागणार नाही, सिलिंडरच बदला. तिसरी चूक सगळ्यात महागाची: कव्हर खाली बसताना आतला उभा लिव्हर व्हॉल्व्हच्या लिव्हरच्या चुकीच्या बाजूला जातो. मग सगळं नवं टाकूनही लिफ्ट लिव्हरचं ऐकत नाही. साइड कव्हर उघडं ठेवून, एकानं आत बघत कव्हर बसवलं की हे टळतं. गास्केटवर सिलिकॉन थापू नका, दोन गास्केटं एकावर एकही नकोत. सिलिकॉनचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत जातात, आणि आतल्या लिंकेजची मापं कव्हरच्या पृष्ठभागावरून धरलेली असतात.

या लिफ्टची हवा काढावी लागत नाही. इंजिन हळू ठेवून बिनवजनानं आठ-दहा वेळा वरखाली करा, तेल पुन्हा मोजा, मग कल्टिव्हेटर लावा. थेट पलटी नांगर नको.

महिंद्रा, स्वराजवाल्यांनी हे किट घेऊ नये, त्यांचा पंप आणि डिस्ट्रिब्यूटर (तेल वाटणारा व्हॉल्व्ह) वेगळे. त्यांची लिफ्ट वर अडकली असेल तर आधी सीटखालचा उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब बघावा. रोटाव्हेटरच्या वेळी कुणीतरी तो पूर्ण आवळून ठेवलेला असतो.

बिनब्रँड किट कंपनीच्या किटपेक्षा बरंच स्वस्त पडतं. गास्केटं आणि पिस्टन रिंगेपुरतं ते पैसे वसूल करतं. वर्षभर भाड्यानं नांगरटी करणाऱ्यानं मात्र कंपनीचंच घ्यावं, कारण हंगामात एक दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तरी फरकाची रक्कम निघून जाते. दुकानातून निघण्याआधी पिशवी काउंटरवर रिकामी करून रिंगा जुन्यांशी ताडून पाहा. पिशवी फोडल्यावरही माप चुकल्यास परत घेणार का, तेही तिथंच विचारा आणि बिलावर लिहून घ्या.