आर्किऑन: नावाने शोधता येत नाही, म्हणूनच एका नावाची दोन माणसं सुटी झाली

माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. जन्म सिनसिनाटीचा, सगळं आयुष्यही तिथंच गेलं. त्यांच्या वडिलांकडचे मूळपुरुष जर्मनीतून ओहायोत आले एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. ते नेमके कुणाचे कोण, हे आपल्या डोळ्यांदेखत नीट लागावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी मूळची सांगलीची. लग्नाआधी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता. जुन्या अक्षराला न भिणारी घरात मी एकटीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दीड वर्ष त्यात गेलं. त्या दीड वर्षात ज्या सेवेने खरा उलगडा केला, ती म्हणजे आर्किऑन. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं दाखवणारं हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं. पैसे भरून वापरायचं आहे. ते घ्यावं की नाही, असं मला आता तिघा-चौघांनी विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

अडचण काय होती ते आधी सांगते. पूर्वजाचं नाव हेन्री मायर. जर्मनीत नोंदलेलं पूर्ण नाव योहान हाइनरिश मायर. एकोणिसाव्या शतकातल्या सिनसिनाटीत या नावाची माणसं गल्लोगल्ली होती. मायर हे मुळात आडनाव नव्हेच, तो हुद्दा. जमीनदाराच्या मुख्य वाड्याचा कारभार पाहणारा तो मायर. आपल्याकडे सगळे पाटील किंवा सगळे कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच तिथं. आणि 'योहान'चा तर काही उपयोगच नाही. उत्तर जर्मनीत एका घरातल्या चारही भावांच्या नावांची सुरुवात योहानने झालेली मी पाहिली आहे. हाक मारायचं नाव दुसरं. ज्याला घरी हाइनरिश म्हणत, तो अमेरिकेत हेन्री झाला.

सासूबाईंच्या दिवाणखान्यात एक वंशावळ फ्रेम करून टांगलेली होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी पैसे देऊन एका व्यावसायिक संशोधकाकडून ती करून घेतली होती. त्यात लिहिलं होतं की हेन्रीचा जन्म १८३१ चा, वायव्य जर्मनीतल्या ओस्नाब्रुक शहराच्या उत्तरेला ब्राम्शेकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरातला. वंशावळींच्या एका लोकप्रिय सशुल्क संकेतस्थळावरही जवळजवळ सगळ्यांनी हेच उतरवून घेतलं होतं. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी बटण दाबून आपल्या झाडाला जोडायचं. इतक्या ठिकाणी तेच दिसलं की माणसाला ते खरं वाटू लागतं. मलाही बरेच महिने वाटलं.

शंका आली ती सिनसिनाटीतच. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुन्या विल्यम्स डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, फुकट. दरवर्षीचं नाव, धंदा आणि पत्ता त्यात मिळतो. कुठलंही वर्ष काढा, हेन्री मायर बरेच सापडतात. ओव्हर-द-ऱ्हाइन भागातले दोन माझ्या कामाचे निघाले, एक शिंपी आणि एक लाकडी पिंपं बनवणारा. (त्या वस्तीला शहरापासून वेगळं करणाऱ्या मायामी-ईरी कालव्याला लोक कौतुकाने 'ऱ्हाइन' म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. बिअरच्या कारखान्यांमुळे पिंपं बनवणाऱ्यांना तिथं काम भरपूर होतं.) फ्रेममधल्या वंशावळीत १८६० च्या शिरगणतीतला शिंपी आणि १८८० च्या शिरगणतीतला पिंपवाला एकच माणूस धरला होता. मधल्या वीस वर्षांच्या डिरेक्टऱ्या मी ओळीने लावल्या. दोघं शेवटपर्यंत वेगवेगळ्या पत्त्यांवर राहत होते. पिंपवाल्याचा पत्ता सासूबाईंकडच्या जुन्या पत्रांवरच्या पत्त्याशी जुळला. म्हणजे आमचा तो.

पण तो जर्मनीत कुणाचा मुलगा? अमेरिकन सरकारी कागद इथं हात टेकतात. शिरगणतीतल्या जन्मस्थानाच्या रकान्यात 'हनोव्हर' किंवा 'प्रशिया' असं तेव्हाच्या जर्मन राज्याचं नाव एवढंच असतं. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांत बहुतेक वेळा कुठल्या राजाची निष्ठा सोडली तेवढंच मिळतं. १८९० ची शिरगणती १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली. सिनसिनाटीच्या न्यायालयाची इमारत मार्च १८८४ च्या दंगलीत जळाली, तिच्याबरोबर असंख्य नोंदी गेल्या. जहाजाच्या याद्यांचं म्हणाल तर हॅम्बर्गच्या १८५० पासूनच्या टिकल्या आहेत, पण ओस्नाब्रुककडचे लोक बहुधा ब्रेमेनहून निघायचे आणि तिथल्या त्या काळातल्या याद्या उरलेल्या नाहीत.

गाव सापडलं ते सिनसिनाटीतल्या जर्मन चर्चच्या वहीत. ओहायोत बसून जर्मन पाद्री जर्मन रीतीनेच लिहायचे. अमुक, तमुक गावचा. सरकारी कारकुनाला 'हनोव्हर' पुरायचं, पाद्र्याला पुरायचं नाही. लग्नाच्या नोंदीत गाव होतं, आणि दफनाच्या नोंदीत त्याहून मोलाची गोष्ट होती. मृत्यू ९ मार्च १८९१, वय ५६ वर्षं, ३ महिने, २० दिवस. वजाबाकी केली की जन्म येतो १७ नोव्हेंबर १८३४. फ्रेममध्ये १८३१ होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता आर्किऑन. हनोव्हरच्या या भागात, नेपोलियनची मधली काही वर्षं सोडली तर, १ ऑक्टोबर १८७४ पर्यंत सरकारी जन्मनोंदणी नव्हतीच. जे काही आहे ते चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत. आर्किऑनवर आधी चर्चचं प्रांतीय दप्तर निवडायचं, मग विभाग, मग पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं), मग वही. कुठल्या पॅरिशच्या कुठल्या वर्षांच्या वह्या आहेत हे पैसे न भरताही दिसतं, म्हणून ते आधी पाहून घ्यावं. सगळ्या पॅरिशांच्या वह्या आलेल्या नाहीत. पूर्वज कॅथलिक असतील तर माट्रिकुला या संकेतस्थळावर जावं. तिथं ओस्नाब्रुकसह अनेक कॅथलिक धर्मप्रांतांच्या वह्या विनामूल्य आहेत. आपलं खेडं कुठल्या पॅरिशमध्ये मोडतं हे माहीत नसेल तर मायर्सचा १९१२-१३ चा गॅझेटियर, म्हणजे जर्मन गावांचा कोश, ऑनलाइन आहे, तोही फुकट. एवढी तयारी झाल्यावरच पास घ्यावा. मी एक महिन्याचा घेतला, वीस युरोंच्या आसपास पडला. गाव माहीत नसताना घेतला असता तर ते पैसे वाया गेले असते.

आर्किऑनवर नाव टाकून शोधायची सोय नाही. छायाचित्रं आहेत, ती पानामागून पान वाचायची. बऱ्याच जणांना हा दोष वाटतो. मला मात्र वाटतं, एकाच नावाची माणसं वेगळी करायची असतील तर यासारखं साधन नाही. नाव टाकलं की यंत्र तुम्हाला नाव आणून देतं आणि आपण पहिल्याच योहान हाइनरिशला कवटाळतो. पानं वाचली की गाव दिसू लागतं. कोणाच्या वाड्यावर कोण राहतं, कोण कुणाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता म्हणून उभं राहतं, कुठल्या घरात दोन महिन्यांत तीन मुलं गेली, हे सगळं समोर येतं. मी १८२५ ते १८५० ची पंचवीस वर्षं वाचली. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दोन तास.

अक्षर कुरेंट, म्हणजे जर्मनांची जुनी हस्तलिपी. १९४१ मध्ये जर्मन शाळांतून ते उठलं, त्यामुळे आज बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. त्यातला e आपल्याला n दिसतो, आणि u ओळखायचा तो डोक्यावरच्या अर्धगोलावरून. मोडी वाचलेल्या माणसाला हे लवकर जमतं असा माझा अनुभव आहे. अक्षर सुटं न बघता शब्दाची वळणं बघायची सवय आपल्याला असते. आधी 'योहान' आणि 'मायर' पक्के करावेत, बाकीची अक्षरं त्यांतून सुटतात.

१८३१ चा योहान हाइनरिश मायर मला तिसऱ्या रात्री सापडला. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, अगदी फ्रेममधल्यासारखा. पण नोंदीच्या शेजारी शाईचा एक लहान क्रूस होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे पाद्र्याने असा क्रूस काढला, की ते मूल पुढे वारलं असं समजायचं. दफनाची वही उघडली. १८३३ च्या हिवाळ्यात तो गेला होता, दोन वर्षांचाही नव्हता. ज्या बाळाला पलीकडचा ओढाही ओलांडायला मिळाला नाही, त्याच्या नावावर आम्ही समुद्रप्रवास, लग्न, सहा मुलं आणि सिनसिनाटीतली कबर लिहून ठेवली होती. मी संगणक बंद केला आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

पुढे फेब्रुवारी १८३४ मध्ये त्याच शेतकऱ्याला पुन्हा मुलगा झाला, आणि त्याला तेच नाव ठेवलं. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची तिथं रीत होती. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पेशव्यांच्या घरात बाजीराव दोन आणि माधवराव दोन झाले, तेव्हा नाव फिरून येणं आपल्याला नवीन नाही. पण सख्ख्या भावाचंच नाव बघून मला गलबलून आलं.

आणि नोव्हेंबर १८३४ च्या पानावर आणखी एक. योहान हाइनरिश मायर, जन्म १७ नोव्हेंबर. त्याच शेतावरचा. पण बापाच्या नावापुढे शब्द होता हॉयरलिंग. म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर खोपट आणि तुकडाभर रान घेऊन राहणारा, बदल्यात मालक बोलावेल तेव्हा कामाला जाणारा कूळ. शेत अखंड एकाच वारसाकडे जायचं, गावची गायरानं वाटली गेली ती मालकांत, आणि हातमागावरच्या लिननच्या कापडाला गिरण्यांपुढे भाव उरला नाही. या लोकांनी अमेरिकेची वाट धरली ती त्यामुळे. एकाच शेतावर मालकाचा मुलगा आणि कुळाचा मुलगा, एकाच वर्षी जन्मलेले, एकाच नावाचे. दोघंही सिनसिनाटीला गेले. एक शिंपी झाला, एक पिंपवाला.

नुसत्या तारखेवर मी विश्वास ठेवणार नव्हते. पिंपवाल्याच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सिनसिनाटीत उभी राहिलेली बाई होती काटारिना मारिया एल्झाबाइन. एल्झाबाइन हे अगदी त्या मुलखातलं नाव. आर्किऑनवर चार पानं मागे गेले तर हॉयरलिंगच्या घरात १८३० ला तीच जन्मलेली. थोरली बहीण. शेतकऱ्याच्या घरात त्या नावाची मुलगी पंचवीस वर्षांत एकही नाही. मग कन्फर्मेशनच्या यादीत (मुलं चौदाच्या आसपास झाली की चर्चमध्ये होणारा श्रद्धेच्या दृढीकरणाचा विधी), दोन्ही हाइनरिश एकाखाली एक सापडले, पाद्र्याने बापांची नावं आणि दर्जा स्पष्ट लिहिलेला. तिथं माझी खात्री पटली.

सेवेबद्दल बाकी थोडक्यात. छायाचित्रं मोठी करता येतात, उजेड कमी-जास्त करता येतो, फिकट शाईला त्याची फार मदत होते. पास असेपर्यंत पान उतरवून घेता येतं. ते लगेच घ्यावं आणि फाइलच्या नावात पॅरिश, वही, वर्ष आणि पान लिहावं. इंग्रजीतून वापरता येतं, वह्या अर्थात जर्मनमध्येच. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट नाव शोधून सुरुवात करायला हरकत नाही, मी केली होती. पण सूचीत क्रूस दिसेलच असं नाही, त्यासाठी मूळ पान बघावं लागतं. माझ्याकडून आर्किऑनला पाचपैकी पाच तारे, आणि ते फक्त गाव हाताशी असलेल्यांसाठी.

सासूबाईंना सांगायचं कसं, याची मला धाकधूक होती. इतकी वर्षं त्या मोठ्या शेताच्या मालकाची पणती म्हणून ती फ्रेम पाहुण्यांना दाखवत आल्या होत्या. मी तिन्ही पानं छापून नेली. क्रूस असलेलं पान त्यांनी खूप वेळ हातात धरलं. मग हॉयरलिंग म्हणजे काय ते मला दोनदा विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि तरी तो बहिणीला घेऊन आला?" मी म्हटलं, बहीण आधी आली होती, त्याला तिनं बोलावून घेतलं असावं.

फ्रेम त्यांनी स्वतः उतरवली. काच तीच ठेवली, आतला कागद बदलला. एल्झाबाइनचं नाव भावाच्या शेजारी त्यांनी आपल्या हाताने लिहिलं, आणि १८३३ ला गेलेल्या बाळाचं नाव, आपल्या घरातलं नसलं तरी, खाली कोपऱ्यात वेगळं लिहून ठेवायला लावलं.