कल्पित बेसबॉल लीगची बखर लिहिताना: एका सिम्युलेटरच्या दीर्घ वापरानंतरचा अनुभव

बेसबॉल सिम्युलेटरची, म्हणजे संगणकावर सामने खेळवणाऱ्या प्रोग्रॅमची, बहुतेक परीक्षणे संघ चालवू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. ट्रेड, म्हणजे संघांतील खेळाडूंची अदलाबदल, कितपत पटण्यासारखे होतात, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, हुशारीला वाव आहे का, संगणकाचा मॅनेजर दमलेला पिचर (चेंडू टाकणारा) वेळेवर काढतो का, हे त्यांतील प्रश्न. मी हा प्रोग्रॅम वेगळ्याच कामासाठी घेतला. माझ्या लीगमध्ये एकही संघ माझा नाही. सोळा कल्पित संघ उभे करायचे, लीग आपोआप चालू द्यायची आणि प्रत्येक हंगाम संपला की त्याची बखर लिहायची, एवढाच माझा उद्योग आहे. प्रोग्रॅमचे नाव येथे देत नाही, कारण मला कोणा एका कंपनीच्या मालाची पारख करायची नाही. अशा कामाला असा प्रोग्रॅम कुठवर साथ देतो आणि कुठे हात टेकतो, हे सांगायचे आहे.

हा छंद संगणकाच्या आधीपासून चालत आलेला आहे. १९५१ साली आलेला ‘एपीबीए’ आणि १९६१ साली आलेला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे दोन्ही खेळ फासे आणि खेळाडूंची कार्डे यांवर चालत. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये एका फाशावर १, २ किंवा ३ आले तर निकाल बॅटरच्या कार्डावरून वाचायचा आणि ४, ५ किंवा ६ आले तर पिचरच्या कार्डावरून, अशी सुटसुटीत वाटणी होती. अमेरिकी लेखक जॅक केरुॲक यांनी तर लहानपणीच स्वतःची कल्पित लीग रचली, तिच्या बातम्यांची हस्तलिखित पत्रके काढली आणि मोठेपणीही ती चालू ठेवली. ते कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. मला या सर्वांत केरुॲक जवळचे वाटतात, कारण त्यांना खेळाइतकीच त्या खेळाची बातमी हवी होती.

लीगची मांडणी मी १९०४ ते १९६० या काळातील मेजर लीगवरून, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलवरून, बेतली. प्रत्येकी आठ संघांच्या दोन लीग, प्रत्येक संघाचे १५४ सामने आणि शेवटी दोन विजेत्यांमधील अंतिम मालिका. म्हणजे नियमित हंगामात १,२३२ सामने होतात, आणि माझ्या साध्या संगणकावरही ते चहा होईपर्यंत उरकतात. वेगाबद्दल तक्रार करायला प्रोग्रॅमने जागाच ठेवलेली नाही. उलट हा वेगच बखरकाराचा पहिला शत्रू आहे, हे काही हंगामांतच लक्षात येते. एका बटणाने वर्ष संपते, संघांची क्रमवारी समोर येते, पण त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखे काही आपल्या मनात साठलेले नसते.

याचे कारण प्रोग्रॅमच्या स्मरणशक्तीत आहे. हंगाम संपल्यावर तो काय जपतो? प्रत्येक संघाचे जय-पराजय, प्रत्येक खेळाडूची वर्षाची आकडेवारी, पुरस्कार, विक्रम, ट्रेडची यादी आणि अंतिम मालिकेचे निकाल. हे सारे तो चोख जपतो. बॉक्स स्कोअर, म्हणजे एकेका सामन्याचा आकड्यांचा तक्ता, मात्र ठरावीक मुदतीनंतर पुसले जातात, आणि चेंडूगणिक घडलेल्या घटनांची नोंद, म्हणजे प्ले-बाय-प्ले, त्याहूनही लवकर जाते. दोन्हींची मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते, पण मग सेव्ह फाइल फुगत जाते आणि प्रत्येक वेळी ती उघडायला लागणारा वेळही वाढतो. खरी हानी मात्र याहून सूक्ष्म आहे. ऑगस्टच्या मध्यावर कोणता संघ किती सामन्यांनी पुढे होता, दुखापत होण्याआधी एखादा पिचर कोणत्या फॉर्मात होता, ट्रेड झाला त्या दिवशी तो शहाणपणाचा वाटला होता की वेडेपणाचा, यांतील काहीही नंतर सापडत नाही. प्रोग्रॅमला निकाल आठवतो. निकाल लागण्याआधीची अनिश्चितता आठवत नाही. आणि हंगामाची गोष्ट म्हणजे बव्हंशी ती अनिश्चितताच असते.

खऱ्या बेसबॉललाही हे दुखणे होते. बॉक्स स्कोअर रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे. न्यूयॉर्कमध्ये ते आधी क्रिकेटचे वार्तांकन करीत आणि १८५९ मध्ये त्यांनी बेसबॉलसाठी जो तक्ता मांडला त्यावर क्रिकेटच्या धावफलकाची छाप होती. धावफलकात सामन्याचा हिशेब असतो, पण कोणती धाव कशी निघाली याचा क्रम असेलच असे नाही. म्हणूनच १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ यांना ‘रेट्रोशीट’ ही संस्था स्थापन करावी लागली, आणि तिच्या स्वयंसेवकांनी संघांच्या व वार्ताहरांच्या जुन्या स्कोअरबुकांतून सामन्यांचा चेंडूगणिक तपशील गोळा करण्याचे काम हाती घेतले. आपल्या कल्पित लीगसाठी असे स्वयंसेवक कुणी येणार नाहीत, म्हणून ते काम हंगाम चालू असतानाच करावे लागते. माझी पद्धत अशी आहे: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सिम्युलेशन थांबवायचे, क्रमवारी आणि पहिल्या पाच बॅटर-पिचरांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून ठेवायची आणि पुढे काय होईल याचा अंदाज चार ओळींत लिहायचा. हे अंदाज बहुधा चुकतात, आणि चुकलेले अंदाजच बखरीत सर्वांत उपयोगी पडतात, कारण त्या क्षणी लीग कशी दिसत होती याचा तोच एक पुरावा उरतो.

निर्यातीची सोय या कामी फार मोलाची आहे. सगळी लीग एचटीएमएल पानांच्या रूपात बाहेर काढता येते आणि डेटाबेसचे तक्ते स्प्रेडशीटमध्ये घेता येतात. हा प्रोग्रॅम मी अजून सोडलेला नाही यामागे या एका सोयीचा मोठा वाटा आहे.

आता योगायोगाविषयी. कल्पित लीगचा बखरकार ज्या मोहाला सर्वाधिक बळी पडतो तो म्हणजे प्रत्येक गोष्टीला कारण शोधण्याचा. समजा एखादा संघ सर्वार्थाने सरासरी आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता बरोबर निम्मी आहे. १५४ सामन्यांत तो ७७ जिंकेल असे आपण म्हणतो. पण साध्या संख्याशास्त्रानुसार या आकड्याभोवतीचे प्रमाण विचलन सहा विजयांहून थोडे जास्त असते. म्हणजे तोच संघ तीनपैकी सुमारे दोन हंगामांत ७१ ते ८३ विजयांच्या दरम्यान राहील आणि उरलेल्या एका हंगामात त्याही बाहेर जाईल, संघात काडीचाही बदल न होता. बॅटरचेही तसेच. ज्याची खरी कुवत .२७० ची, म्हणजे हजार वेळांत २७० यशस्वी फटक्यांची (हिट) आहे त्याने ५५० वेळा बॅटिंग केली तर एका वर्षी .२५० आणि पुढच्या वर्षी .२९० ही सरासरी सहज दिसू शकते. खऱ्या लीगमध्ये वार्ताहर पहिल्या वर्षाला ‘लय हरवली’ म्हणेल आणि दुसऱ्याला ‘जिद्दीचे पुनरागमन’. सिम्युलेटरमध्ये जिद्द कुठेच नसते. असते ती रेटिंग आणि यादृच्छिक संख्या.

मग बखरकाराने काय लिहावे? सुरुवातीला वाटते की प्रोग्रॅम सगळी अंतर्गत रेटिंग दाखवतो तर ती वापरावीत, म्हणजे नशीब किती आणि कुवत किती याचा निवाडा होईल. मी ती पूर्ण बंद करून ठेवली आहेत. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, आणि या प्रकारच्या वापरासाठी तिच्याइतका महत्त्वाचा पर्याय दुसरा नाही. लीगमधील माणसांना जे कळू शकले असते तेवढेच बखरीला कळावे, असा माझा दंडक आहे. त्यांना आकडे कळले असते, म्हणून मी आकड्यांवरून काढता येणारे निष्कर्ष काढतो. बेसबॉल आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे पायथागोरियन सूत्र येथे कामी येते: केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की संघाने साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळते. एखादा विजेता या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेलेला दिसला तर मी तसे स्पष्ट लिहितो. त्याचे विजेतेपद त्यामुळे कमी ठरत नाही, पण पुढच्या वर्षी तो घसरला तर बखरीला खलनायक शोधावा लागत नाही.

माझ्या लीगमध्ये एका डावखुऱ्या पिचरने कारकिर्दीच्या उत्तरार्धात अचानक सलग काही उत्तम हंगाम दिले. रेटिंग उघडी असती तर त्यामागे खरा बदल आहे की केवळ बॅटरने मैदानात मारलेले चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हाती जास्त गेले, हे पाहता आले असते. आकडेवारीचेच अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडले की होम रन (बहुधा चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे जाणारा फटका) वगळता मैदानात आलेल्या चेंडूंचे हिट होणे रोखण्यावर पिचरचे नियंत्रण समजले जाते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते. त्या पिचरचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) वाढलेले नव्हते, वॉकही (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) घटलेले नव्हते; माझी शंका बखरीत नोंदलेली आहे आणि उत्तर मी अजून पाहिलेले नाही. प्रोग्रॅमचा हा उपयोग जाहिरातीत कुणी सांगत नाही.

काळाच्या बदलाबाबत मात्र मी समाधानी नाही. लीग कोणत्याही वर्षापासून सुरू करता येते आणि त्या त्या वर्षीच्या मेजर लीगच्या एकूण आकड्यांशी जुळेल असा खेळ होतो. म्हणून सुरुवातीचे हंगाम ‘डेड बॉल’ काळासारखे गेले: होम रन दुर्मिळ, चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले) भरपूर, पिचर नऊच्या नऊ इनिंग टाकणारे. फ्रँक बेकर यांना ‘होम रन बेकर’ हे नाव त्याच काळात पडले, आणि त्यांचा सर्वाधिक होम रनचा हंगाम अवघ्या १२ चा होता. मग बेब रूथ यांनी १९१९ मध्ये २९ आणि १९२० मध्ये ५४ होम रन मारले. त्या संक्रमणाला कारणे होती: १९२० मध्ये स्पिटबॉलवर, म्हणजे थुंकी लावून टाकलेल्या चेंडूवर, बंदी आली, आणि त्याच वर्षी चेंडू लागून बॅटर रे चॅपमन यांचा मृत्यू झाल्यानंतर मळलेले चेंडू बदलण्याचा आग्रह वाढला. तसेच १९६८ मध्ये पिचर बॉब गिब्सन यांनी १.१२ ची ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर पडणाऱ्या धावांची सरासरी) नोंदवली, दोन मेजर लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की हे .३०१ सरासरीने एकटेच .३०० च्या वर राहिले, आणि पुढच्या वर्षी पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा (माउंड) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. प्रोग्रॅममध्ये यातले परिणाम आहेत, कारणे नाहीत. एका हंगामात सगळे बॅटर दुबळे असतात, पुढच्या वसंतात ते बलवान होतात, आणि लीगच्या बातम्यांत याचा उल्लेखही नसतो. मी अशा ठिकाणी स्वतः नियमबदल योजतो, त्यासाठी संघमालकांची बैठक बखरीत भरवतो आणि मगच आकडे बदलू देतो. विक्रमांची यादी मात्र सगळ्या काळांची एकत्रच राहते, त्यामुळे बखरीत मी मूळ आकड्याशेजारी लीगच्या सरासरीला १०० मानून काढलेला निर्देशांक देतो. तो प्रोग्रॅमच पुरवतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

करारांची पद्धत निवडताना मी खेळाडूला एकाच संघाशी बांधून ठेवणारा जुना ‘रिझर्व्ह क्लॉज’ ठेवला. प्रत्यक्षात १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने तो निष्प्रभ झाला, आणि खेळाडूंच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. बखरीच्या दृष्टीने पाहिले तर तोच खेळाडू त्याच संघात बारा-तेरा वर्षे राहतो तेव्हा संघाला स्वभाव येतो. मुक्त बाजार सुरू केला की संगणकाचे व्यवस्थापक दर हिवाळ्यात अर्धा संघ पालटतात आणि वाचणाऱ्याचा धागा तुटतो.

बातम्यांचा विभाग निकामी आहे. त्याच त्या वाक्यांत नावे बदलून भरलेली असतात आणि काही हंगामांनंतर ती वाचवत नाहीत. नावे तयार करणारी यंत्रणा ठीक आहे, पण एकाच नावाचे दोन खेळाडू एकाच वेळी लीगमध्ये येतात तेव्हा एकाला टोपणनाव देणे भाग पडते. हॉल ऑफ फेमचे, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाचे, स्वयंचलित प्रवेश मी बंद केले. खरा हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपर्सटाउनच्या नियमांप्रमाणे किमान दहा हंगामांची कारकीर्द, निवृत्तीनंतर पाच वर्षांची प्रतीक्षा आणि ७५ टक्के मते ही चौकट ठेवून, बखरीतल्या कल्पित वार्ताहरांकडून मी मतदान करवून घेतो. त्या वादांची प्रकरणे लिहायला मला हंगामांपेक्षाही जास्त आवडतात, आणि बखर वाचणाऱ्या मित्रांनाही तीच आवडतात.

नव्याने घेणाऱ्याला एवढेच सुचवीन की संघ कमी ठेवा. तीस संघांची लीग दिसायला भव्य असते, पण तिच्यातील खेळाडूंची नावे लिहिणाऱ्याच्याच लक्षात राहत नाहीत. सोळाही मला कधीकधी जास्त वाटतात, आणि आज सुरुवात केली असती तर मी आठच ठेवले असते. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दर वर्षी येते. जुनी लीग तिच्यात नेता येते, पण परत आणता येत नाही, आणि खेळाचे गणित बदलले असेल तर त्याची खूण आकड्यांत उमटते. म्हणून होम रनचा सध्याचा काळ बखरीत पुरा होईपर्यंत मी जुन्याच आवृत्तीवर आहे आणि सेव्ह फाइलची प्रत दर हंगामाला वेगळ्या डिस्कवर ठेवतो.